हनुवटीसकट!

पुण्यात हेल्मेट सगळ्यांकडे असतं. प्रश्न एवढाच, की ते असतं कुठे? कुणाच्या कोपरात अडकवलेलं, कुणाच्या आरशाला टांगलेलं, तर कुणाच्या डिकीत रेनकोटखाली गाढ झोपलेलं. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कारवाई कडक केली, तेव्हा या शहरानं हेल्मेटसक्तीविरोधात चक्क मोर्चा काढला होता. कारणं ठरलेली... मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही, केस गळतात. एक कारण मात्र कुणी मोठ्यानं सांगत नाही. त्यात आपण चांगले दिसत नाही!

माझी गोष्ट नेमकी इथेच सुरू होते. दुकानातली टोकदार, चकचकीत, ड्रॅगनबिगन काढलेली हेल्मेट्स बघून मला डोक्यावर मिक्सर घातल्यासारखं वाटायचं. मग एक दिवस ते दिसलं. क्रीम रंग, मधून एक नारिंगी पट्टा, समोर ही एवढी मोठी खिडकी, आत तपकिरी अस्तर. जुन्या रेसिंगच्या फोटोंतून उचलून आणल्यासारखं, पण हनुवटीपर्यंत पूर्ण बंद. आपण तर जाम फिदा! आता अॅक्टिव्हावर असलं हेल्मेट घालून निघाले की ऑफिसचे वॉचमनकाका विचारतात, 'काय मॅडम, आज कुठली रेस?' विचारू देत.

या लूकला इतिहास आहे, मंडळी. रेसिंगवाले पूर्वी उघड्या तोंडाचं हेल्मेट आणि गॉगल लावून गाड्या पळवायचे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात 'बेल' या अमेरिकन कंपनीनं 'स्टार' नावाचं तोंडबंद हेल्मेट आणलं. १९६८ च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये डॅन गर्नी असं हेल्मेट घालून उतरला, फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदाच. पुढे २०१४ च्या सुमारास त्याच कंपनीनं 'बुलिट' काढून तो जुना चेहरा परत आणला. आपल्याकडे २००९ मध्ये रॉयल एन्फिल्डची 'क्लासिक' आली, २०१८ मध्ये जावा परतली आणि आजोबांच्या काळातली स्टाइल एकदम कूल झाली.

पण रेट्रो म्हटलं की आपल्याकडे बहुतेक जण अर्धं हेल्मेट उचलतात. वर टोपी, खाली दाढी मोकळी. दिसतं झकास, वादच नाही. माझ्या एका मैत्रिणीचंही तसंच होतं. पावसात, ओल्या रस्त्यावर, जेमतेम तीसच्या स्पीडला ती घसरली. कवटीला ओरखडासुद्धा नाही. जबडा मात्र दोन ठिकाणी तुटला. दातांना तारा बांधल्या होत्या. सहा आठवडे ती स्ट्रॉनं डाळीचं पाणी आणि पेज पीत होती. बडबडी म्हणून प्रसिद्ध असलेली मुलगी वहीत लिहून बोलायची. एकदा तिनं लिहिलं, 'जांभई आली तरी भीती वाटते.' ते पान मी अजून विसरलेले नाही.

जर्मनीत डिटमार ओटे यांनी अपघातांतली हेल्मेट्स तपासली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर झालेले आढळले. म्हणजे आपण जो भाग हौसेनं उघडा ठेवतो, तोच!

आता रोजच्या वापराचं खरं खरं सांगते. जुन्या चेहऱ्याची किंमत मोजावी लागते. माझ्या हेल्मेटला हवेची भोकं नावापुरती आहेत. जुलैत कर्वे रोडच्या सिग्नलला थांबलं की श्वासानं काच धुरकट होते, मग ती बोटभर उघडायची आणि नाकावर पाऊस घ्यायचा. एप्रिलमध्ये आत भट्टी. अस्तर निघतं, म्हणून दर रविवारी शाम्पूनं धुऊन वाळत घालते. आईला वाटतं, ही उशीच आहे कुणाची तरी. मोठ्या खिडकीतून दोन्ही बाजूंचं भरपूर दिसतं, हा मात्र रोजचा फायदा. डाव्या बाजूनं घुसणारी रिक्षा आधीच नजरेत येते.

एक गोष्ट मात्र पक्की. व्हिंटेज 'दिसणारं' घ्या, व्हिंटेज 'असलेलं' नको. जुन्या बाजारात मिळालेला पीस शोकेसमध्ये ठेवा. आतलं थर्मोकोलसारखं अस्तर घाम, ऊन, आदळआपट सोसून थकलेलं असतं, बाहेरून कळत नाही. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण फुटपाथवर नुसता स्टिकरही मिळतो. म्हणून दुकानातून बिलासकट घ्या. घालून पाहा, गाल दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावा आणि मागून वर ढकलून बघा. निघून हातात आलं, तर ते हेल्मेट नाही, टोपी आहे.

आणि हो, दुकानातल्या आरशात पाहून स्वतःवर खूश झालात तर लाजू नका. नावडतं हेल्मेट डिकीत जातं, आवडतं डोक्यावर. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे दूध आणायला जातानासुद्धा मी माझं घालते. कायद्यानं जे जमलं नाही, ते एका नारिंगी पट्ट्यानं करून दाखवलं!