उंबरठ्यावरचा माणूस

लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात गेल्यावर आम्हांला प्रथम भेटतो तो लोकप्रतिनिधी नव्हे, त्याचा स्वीय सहायक. विधवेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज असो वा गावच्या पाण्याची तक्रार, तो कागद साहेबांच्या मेजावर पोचणार की खणात पडून राहणार, हे पुष्कळदा हाच माणूस ठरवितो. त्याला आम्ही मत दिलेले नसते; परंतु त्याचे वेतन जनतेच्या पैशातून जाते. म्हणून त्याला कोणत्या नियमाने नेमावे हा प्रश्न आम्हांला किरकोळ वाटत नाही.

फ्रान्समध्ये २०१७ साली तो ऐरणीवर आला. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार फ्रान्स्वा फियाँ यांनी पत्नीला संसदीय सहायक म्हणून नेमले, वेतन दिले, पण काम झालेच नाही, असा आरोप झाला. निवडणुकीत ते पहिल्याच फेरीत मागे पडले. पुढे न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरच्या कायद्याने जोडीदार, आईवडील व मुले यांना आपल्या कार्यालयात नेमण्यास संसद सदस्यांना बंदी झाली. भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व ४५,००० युरो दंड. भावाला वा पुतण्याला नेमल्यास तसे कळवावे लागते.

या दोषाला इंग्रजीत 'नेपोटिझम' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. लॅटिन 'नेपोस' म्हणजे नातू किंवा पुतण्या. पोप तिसरे पॉल यांनी १५३४ साली आपल्या चौदा वर्षांच्या नातवाला कार्डिनल केले. पुढे १६९२ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी आज्ञापत्र काढून, परमगुरूंनी आप्तांना जमिनी, पदे व उत्पन्ने देण्यास मनाई केली. ज्या पदाच्या हाती अधिकार होता, त्यानेच स्वतःला बंधन घालून घेतले, हे आम्हांला विशेष वाटते.

आपल्याकडे खासदाराने नेमलेल्या सहायकाचे वेतन संसदेचे सचिवालय थेट त्या व्यक्तीस देते. सहायकांपैकी एकाला संगणकाचे ज्ञान असावे, असे नियम सांगतो. नाते मात्र तो विचारीत नाही.

कोणी म्हणेल, घरचे माणूस अधिक निष्ठेने काम करणार नाही काय? करीलही. साहेब मुंबईत असताना मध्यरात्री कोणा रुग्णासाठी धावणाऱ्या गृहिणी आम्ही पाहिल्या आहेत. त्या सेवेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु सहायक परका असेल आणि त्याने अर्ज दाबून ठेवला, तर साहेबांकडे तक्रार करता येते. तो साहेबांचा मुलगाच असेल, तर त्या विधवेने बापापुढे कोणत्या तोंडाने उभे राहावे?