सिडनीचा हिरवा पाहुणा

लेकीकडे सिडनीला तीन महिने राहायला निघाले, तेव्हा तिथे जाऊन आपल्याला बेडूक निवडायला बसावं लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं!

झालं असं, की माझी नऊ वर्षांची नात सई हट्टालाच पेटली होती. कुत्र्या-मांजराला घरमालकाची परवानगी नाही, मासे नुसतेच काचेतून बघायचे. तिला बेडूक हवा होता. तोही हालता-फिरता, आणि हातावर बसणारा. मीनल म्हणाली, "आई, तूच समजाव हिला."

रविवारी जावईबापूंनी आम्हाला ऑलिंपिक पार्कला नेलं. तिथे विटांसाठी खणलेली एक जुनी, भली मोठी खाण आहे. २००० सालच्या ऑलिंपिकसाठी तिथे टेनिसची मैदानं व्हायची होती. पण खाणीत साठलेल्या पाण्यात हिरव्या-सोनेरी रंगाचे दुर्मीळ बेडूक सापडले आणि मैदानं चक्क दुसरीकडे हलवली! आता त्या खाणीवर सुमारे १८ मीटर उंचीवरून गोल पूल फिरतो. एक फेरी ५५० मीटरची. खाली निळसर पाणी, लव्हाळी, आणि मधूनच मोटारसायकलचा गिअर बदलावा तसा आवाज. बेडकांचा, बरं का! पावसाळ्यात ओरडून झोप मोडणारे आपले बेडूक आठवले आणि हसू आलं.

"असलाच हवा," सई म्हणाली. हे बेडूक दिवसाही उन्हात बसतात, चपळ असतात; पण हातात घेण्यातले नाहीत, शिवाय त्यांची जातच धोक्यात आलेली. तिथल्या बेडूकप्रेमींच्या संस्थेतल्या एका बाईंकडे मग आम्ही गेलो. चहा देता देता त्यांनी सगळं नीट समजावलं.

हाताळून घेणारा म्हणाल तर हिरवा झाडबेडूक. हाताच्या पंजात मावेल एवढा, गुबगुबीत, चेहऱ्यावर कायम समाधान. दिवसा पेंगतो, पण दिवेलागणीनंतर काचेवर चढतो, फांदीवरून उड्या मारतो. १७९० साली जॉन व्हाइट या जहाजावरच्या डॉक्टरने त्याचं वर्णन लिहिलं. दारूत बुडवून ठेवलेला नमुना निळा पडला होता, म्हणून या हिरव्यागार प्राण्याचं शास्त्रीय नाव मात्र 'निळा' असंच राहून गेलं!

त्यांच्याकडचे बेडूक केळ्यांच्या खोक्यांतून आलेले होते. उत्तरेकडच्या क्वीन्सलँडमधून केळी निघतात, त्यांच्या घडांत बसलेला बेडूक दोन हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून सिडनीच्या बाजारात उतरतो. त्याला परत सोडता येत नाही. बेडकांच्या त्वचेला होणारा एक बुरशीचा रोग आहे, १९९८ साली तो शास्त्रज्ञांच्या लक्षात आला. परत पाठवलेला बेडूक तो सोबत नेईल ही भीती. म्हणून परवाना असलेल्या घरी त्याला सांभाळायला देतात.

निवडायचा कसा, तर डोळे स्वच्छ, कातडी नितळ, कुठे जखम नाही. कमरेची हाडं वर आलेली नकोत. संध्याकाळी किडा समोर सोडला की झेप घ्यायला हवी. दोन डब्यांपैकी एकातला मलूल बसून होता, दुसऱ्यातल्याने रातकिडा मटकन गिळला आणि सईच्या बोटाला पाय चिकटवून तिच्याकडे पाहत राहिला. निवड तिथेच झाली.

मग अटी. हातात घ्यायच्या आधी हात स्वच्छ धुऊन ओले ठेवायचे. साबणाचा किंवा क्रीमचा अंशही नको, कारण त्याची कातडी सगळं शोषून घेते. पाण्यातला क्लोरीन काढायचा. दोन-चार मिनिटं हातावर घेऊन परत ठेवायचा. तो सहन करतो, त्याला आवडतं असं नाही. नंतर मात्र साबणाने हात धुवायचे. आणि खायला रातकिडे, झुरळं! जन्मभर झुरळं मारण्यात गेला माझा, आणि ती आता विकत आणायची?

शेवटी मीनलने विचारलं, "जगतो किती?"

"नीट सांभाळला तर पंधरा-सोळा वर्षं. कधी वीसही."

मीनल गप्प झाली. परतताना गाडीत हळूच म्हणाली, "आई, हे बेडूक पाळीव म्हणून देशाबाहेर नेता येत नाहीत गं."

मला कळायचं ते कळलं. 'दोन वर्षांनी परत येऊ' असं सात वर्षं चाललं होतं. कोथरूडच्या घरातली एक खोली मी त्यांच्यासाठी रिकामी ठेवली होती. पोटात कालवलं. पण मागे सई वहीत नावांची यादी करत होती. मी म्हटलं, "परवान्याचा अर्ज कर तू. पोरीने मन लावून मागितलंय."

परवाना आला, मी निघायच्या आठवडाभर आधी पाहुणाही घरी आला. सईने त्याचं नाव ठेवलं केळ्या. रोज संध्याकाळी हात ओले करून ती त्याला घेऊन माझ्या शेजारी बसायची आणि मला तिच्या शाळेतल्या गोष्टी सांगायची. त्याआधी ती माझ्याशी 'हो-नाही'पलीकडे बोलत नव्हती.

घरी परतल्यावर त्या रिकाम्या खोलीत मी शिवणयंत्र नेऊन ठेवलं. उजेड छान येतो तिथे. दर रविवारी फोन येतो. आधी केळ्याने किती रातकिडे खाल्ले ते कळतं, मग बाकीची खुशाली.