एक किलोमीटरचं वर्तुळ

त्याला जन्माला घालायला फार काही लागत नाही. संगणकावर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडायचं, तालुक्यातल्या शाळांचे ठिपके पडद्यावर आणायचे, 'बफर' हा पर्याय निवडायचा आणि अंतराच्या चौकटीत १००० लिहायचं. पापणी लवायच्या आत प्रत्येक शाळेभोवती एक पारदर्शक गोल उभा राहतो. त्याच्या पोटात ३.१४ चौरस किलोमीटर जमीन मावते. आतल्या मुलाला शाळा जवळ, बाहेरच्याला लांब, एवढंच त्याला सांगायचं असतं.

त्याचं कूळ कायद्याचं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याखालच्या केंद्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला चालत एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत. शाळांचा नकाशा तयार करून एकूण एक मूल शोधण्याचं कामही त्याच नियमांनी सोपवलं. महाराष्ट्राने २०११ च्या आपल्या नियमांत शाळा उघडायला किमान २० मुलांची अट घातली. तीन किलोमीटरचा गोल हा याचा थोरला भाऊ. त्रिज्या तिप्पट, पण पसारा नऊपट.

मला याचा एक गुण फार मोलाचा वाटतो. त्याच्याकडे वशिला चालत नाही. तालुक्याला खेटे घालून शाळा मंजूर करून आणणारं गाव आणि कधी कुणाच्या दारात न गेलेली कातकरी वाडी, दोघांना तो एकाच मापाने मोजतो. सगळे गोल पडद्यावर पडले की मधे कोरी जागा उरते, आणि तिच्यात एखादा वस्तीचा ठिपका दिसतो. कागदोपत्री ती वस्ती एका महसुली गावात मोडते, गावात शाळा असते, त्यामुळे तक्त्यात सगळं भरलेलं असतं. पाडा मात्र गावठाणापासून दोन डोंगर पलीकडे. तक्त्याला हे दिसत नाही, गोलाला दिसतं. पण त्यासाठी उपग्रहाच्या चित्रावर घरांची छपरं शोधून प्रत्येक वाडी आणि पाडा आधी कुणीतरी टिपलेला असावा लागतो. हे काम किचकट आहे, डोळे दुखवणारं आहे, आणि माझ्या मते सगळ्या नकाशात सर्वांत मोठं पुण्य त्याच कामात आहे.

त्याचा दोष असा की सांगितलेल्या आकड्यावर तो आंधळा विश्वास ठेवतो. रायगड जिल्ह्यातल्या शाळेचे अक्षांश १९ च्या आणि रेखांश ७३ च्या आसपास. माहिती भरताना हे दोन आकडे उलटसुलट झाले तर शाळा जाते नॉर्वेच्याही उत्तरेला, भर समुद्रात. आणि गोल तिथे जाऊन इमानाने पाण्याभोवती उभा राहतो. नकाशा मीटरऐवजी अंशात असला तर आणखी पंचाईत. तिथे कुणी एक किलोमीटर समजून १ लिहिलं की तो एक अंश धरतो, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर. नागपूरच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम मात्र तेवढाच अंश १०४ च्या आसपास भरतो, म्हणून जमिनीवर तो गोलही राहत नाही. मापाची पद्धत आधी तपासा, मग गोल काढा, हे नकाशाच्या कामाला आलेल्या नव्या मुलांना मी सुरुवातीलाच सांगतो.

पण याहून खोल दोष त्याच्या जन्मातच आहे. नियम म्हणतो 'चालत', आणि याने मात्र मोजलेलं असतं हवाई अंतर. मधल्या नदीची त्याला खबर नसते. जानेवारी २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या, कोयनेच्या जलाशयाकाठच्या मुली स्वतः होडी वल्हवून शाळेला जातात, ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशा ठिकाणी पैलतीरावरची शाळा नकाशात कितीही जवळ दिसो, मुलाच्या वाटेत पाणी असतं. कोकणात पावसाळ्यात साकव वाहून गेला की समोर दिसणाऱ्या शाळेला लांबचा फेरा पडतो. गोल जूनमध्ये जेवढा, तेवढाच जानेवारीत.

यावर उपाय आहेत. पायवाटा आणि पूल नकाशात भरून प्रत्यक्ष रस्त्याने अंतर काढता येतं. जमिनीचा चढउतार घेऊन चालण्याचा वेळ काढता येतो. त्यासाठी वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरतात. तसं केलं की नेटका गोल मोडतो आणि वेडावाकडा आकार उमटतो: दरीच्या बाजूने आत चेपलेला, सडकेच्या दिशेने लांब निघालेला. तो दिसायला बरा नसतो, पण त्याच्यात मूल चालतं.

शहरात हाच गोल वेगळ्या रूपात भेटतो. याच कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा ऑनलाइन अर्ज भरताना पालकांना नकाशावरचा फुगा ओढत आपल्या घरावर नेऊन ठेवावा लागतो. सायबर कॅफेत एक आई स्क्रीनवर बोट ठेवून विचारत होती, "दादा, ही मारुतीची देवळी ना? मग त्याच्या मागची बोळ आमची." चाळीची छपरं वरून सारखीच दिसतात. फुगा थोडा सरकला तर शाळा एक किलोमीटरच्या आतून बाहेर जाते, आणि पडताळणीत पत्ता जुळला नाही तर मिळालेला प्रवेशही हातचा जातो. ती बोळ सापडेपर्यंत कॅफेतल्या मुलाने घाई केली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

सगळ्यात काळजीची गोष्ट अशी की शाळा उघडायला जो गोल लागतो, तोच बंद करायलाही कामी येतो. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा जवळच्या शाळेत सामावून घेण्याचा निर्णय राज्यात झाला. 'जवळची' म्हणजे कोणती, हा प्रश्न तेव्हा वाडीवाडीत उठला. ते उत्तर गोलावर सोपवणं मला मान्य नाही. सात वर्षांच्या मुलीची वाट कुठून जाते, ओढा कुठे फुगतो, जंगलाचा टप्पा किती, हे तिथल्या गुरुजींना आणि आयाबायांना ठाऊक असतं. नकाशा छापून त्यांच्यापुढे पसरावा, हातात पेन्सिल द्यावी आणि त्या वाटा पुन्हा संगणकात भराव्यात.

कायद्याची आडकाठीही नाही. दरडी, पूर, रस्त्याचा अभाव, मुलांना धोका असेल तिथे अंतराची ही मर्यादा कमी करून शाळेची जागा ठरवावी, असं केंद्राच्या नियमांत लिहिलेलं आहे. अंतराच्या त्या चौकटीत १००० च्या जागी ६०० लिहिता येतं, ४०० लिहिता येतं. प्रत्येक पाड्यासाठी तो आकडा वेगळा ठेवण्याचीही सोय त्याच चौकटीशेजारी आहे.