लोकलमधला ‘चिंकी’ आणि आमचं मौन

६ डिसेंबरची रात्र. चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही दादरहून कर्जत लोकलने परतत होतो. ठाण्याला ईशान्य भारतातली दोन मुलं चढली. कामावरून सुटलेली असावीत. गळ्यात निळा रुमाल असलेल्या आमच्यातल्याच एका पोराने आवाज दिला, “ए चिंकी, चायनाला जा!” डबा हसला. ती मुलं मान खाली घालून दाराशी सरकली. विठ्ठलवाडी आलं, आम्ही उतरलो. आमच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

नंतर विषय निघाला तेव्हा काही जण म्हणाले, “गंमत होती. आपलाच पोरगा आहे, सोडून द्या.” पण गावात आमच्या आजोबांना जातीवरून हाका मारणारेही ‘गंमत’च म्हणत होते ना?

या गमतीचा पुढचा टप्पा आपण पाहिला आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या हिंसाचाराचे पडसाद पुण्यात उमटले. ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाली. मारणाऱ्यांनी कोण बोडो, कोण मणिपुरी हे पाहिलं नाही, फक्त चेहरा पाहिला. अफवा पसरल्या आणि हजारो जण पुणे, बंगळुरू सोडून गुवाहाटीच्या गाड्यांत बसले. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या नीडो तानियाच्या केसांची टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. २०२० मध्ये याच चेहऱ्यांना ‘करोना’ म्हणून हिणवलं गेलं. आजही डब्यात चढताना ती मुलं आधी कोपरा शोधतात, ते उगाच नाही.

अमेरिकेतही आशियाई माणसाला चेहऱ्यावरूनच परकं ठरवलं गेलं. भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाने नागरिकत्वासाठी युक्तिवाद केला की आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरेच. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. वंशद्वेषातून सुटण्यासाठी त्याने जातीचा आधार घेतला आणि हाती काहीच लागलं नाही. आपल्या खाली कुणीतरी आहे, या समाधानावरच बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता टिकते. डब्यातल्या त्या पोरालाही त्या रात्री एक खालची पायरी सापडली होती.

ईशान्येतल्या अनेक जमाती अनुसूचित आहेत. त्यांना चारचौघांत जमातीवरून हिणवलं तर ॲट्रॉसिटी कायदा लागू शकतो. आपलं राज्य सोडून आलेल्यालाही हे संरक्षण देशभर मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केलं. पण हिणवणारा स्वतः अनुसूचित जातीचा असेल, तर हा कायदा त्याला लागत नाही. तिथे पंचशीलच कामाला यायला हवं.

महाबोधी विहाराच्या मुक्तीसाठी १९९२ पासून लढा उभारणारे भदंत सुरई ससाई जपानमध्ये जन्मले. त्यांच्यापुढे आम्ही हात जोडतो. तेच चीवराशिवाय, रात्रीच्या लोकलमध्ये भेटले असते तर आमच्या डब्याने त्यांना काय म्हटलं असतं?

त्या दोन मुलांची माफी मागायला आता ती सापडणार नाहीत. तो पोरगा मात्र आमच्याच वस्तीत राहतो. बोलायची सुरुवात त्याच्यापासून करायची आहे, आणि त्याला आधी हे सांगायचं आहे की त्या रात्री गप्प बसलेले आम्हीही तितकेच दोषी आहोत.

जय भीम!