बैठे यंत्र आणि फिरते यंत्र

चित्रपट-संकलनाचा व्यवसाय पत्करू इच्छिणारे तरुण, आणि त्यांच्याहूनही चिंतातुर असे त्यांचे पालक, माझ्याकडे येतात तेव्हा कलेविषयीचे प्रश्न बहुधा मागाहून निघतात. पहिला सवाल असतो तो डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप, हा. त्यावर मी दोन प्रतिप्रश्न करतो: तुमचे फुटेज कोणत्या कॅमेऱ्यातून येणार, आणि रात्री त्याचा मुक्काम कोठे पडणार? पुष्कळांना ही उडवाउडवी वाटते. वस्तुतः साऱ्या मामल्याचा निकाल याच दोन बाबींत दडलेला असतो, आणि यंत्राचा आकार ही त्यांतून निघणारी केवळ तिसरी बाब असते.

फिल्मच्या काळी हा प्रश्न उद्भवतच नसे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी आणि सेकंदाला 24 चौकटींची गती, या हिशेबाने हजार फुटांचे रीळ जेमतेम 11 मिनिटे चाले. तेव्हा अशा रिळांच्या चळती आणि स्टीनबेक या संकलनयंत्राचे जडशीळ टेबल जेथे असेल तेथे संकलकाने जावे, हाच रिवाज होता. 1989 साली अॅव्हिडने संकलन संगणकावर आणले, तरी खोली जागची हलली नाही, कारण तो संगणक आणि त्याच्या डिस्का याही खोलीलाच बांधलेल्या होत्या. लॅपटॉपने ही वेठ संपविली, याबद्दल त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु या स्वातंत्र्याची जी किंमत तो वसूल करतो, ती विक्रेत्याच्या दरपत्रकात छापलेली नसते.

ती किंमत म्हणजे उष्णता. एनव्हिडियाच्या 4090 या ग्राफिक्स कार्डाचेच उदाहरण घ्या. डेस्कटॉपमधील कार्डाला 450 वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते, त्यात 16,384 गणनकेंद्रे आणि 24 जीबी स्मृती असते. लॅपटॉपमध्ये त्याच क्रमांकाने मिरविणाऱ्या चिपेत 9,728 केंद्रे व 16 जीबी स्मृती, आणि विजेची मर्यादा साधारण दीडशे वॅटांच्या आसपास. नाव एक, हुद्दा निराळा! त्यातही पोटमाळ्यावरील खोली, वैशाखातील मुंबईची दुपार आणि तासभर चालणारे रेंडर, म्हणजे कापलेल्या चित्रणाची तयार प्रत घडविण्याचे काम, असा योग जुळून आला, म्हणजे पहिली काही मिनिटे ऐटीत धावलेले ते चपटे यंत्र पंख्यांचा आक्रोश करीत स्वसंरक्षणार्थ आपली गती आपणच उतरवू लागते. क्षणाचे बळ आणि टिकाऊ दम या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि जाहिरातींतील आकडे बहुतेक पहिलीचेच असतात.

मात्र एवढ्यावरून लॅपटॉप बाद ठरविणे न्यायाचे होणार नाही, कारण संकलकाच्या दिवसाचा मोठा भाग रेंडरमध्ये जात नाही. तो जातो पाहण्यात. संवादाचा प्रसंग कापताना नटाची पापणी नेमकी कोणत्या चौकटीत मिटली हे शोधण्यासाठी मी ‘जे’ची कळ दाबून चित्र उलटे नेतो, ‘के’ने थांबवतो, ‘एल’ने पुन्हा पुढे आणतो, आणि हे येणेजाणे हाताला हिसका न बसता व्हावे एवढीच माझी यंत्राकडे मागणी असते. ही मागणी साधी दिसते खरी. परंतु एच 264 किंवा एच 265 या आटोपशीर पद्धतींत साठविलेल्या चित्रणात बहुधा प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण नसते. मधूनच एखादी चौकट संपूर्ण सातबाऱ्यासारखी असते, आणि तिच्यामागून येणाऱ्या पुष्कळशा नुसत्या फेरफाराच्या नोंदी असतात. साहजिकच उलटे जाताना यंत्राला प्रत्येक वेळी मागचा सातबारा हुडकून तेथपासूनचे सर्व फेरफार नव्याने लावावे लागतात. हा उलगडा करणारे स्वतंत्र मंडल चिपेतच असेल तर बेताच्या किमतीचे यंत्रही हसतखेळत तो करते. नसेल तर राक्षसी डेस्कटॉपही अडखळतो.

सोनी, कॅनन यांच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांतील 10 बिट, 4:2:2 या जातीचे एच 265 चित्रण हा याचा उत्तम दाखला. इंटेलच्या अंतर्गत ग्राफिक्स असलेल्या अलीकडच्या प्रोसेसरांना आणि अॅपलच्या एम मालिकेतील चिपांना ते सुखाने वाचता येत होते, त्या वेळी एनव्हिडियाच्या महागड्या कार्डांत त्याची सोय नव्हती. ती 2025 मधील 50 मालिकेपासून आली. तेव्हा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा, हे माझे म्हणणे हेकटपणाचे नाही. अर्थात् मूळ चित्रणाची हलकी प्रॉक्सी प्रत करून तिच्यावर कापाकापी करावी आणि अखेरीस मूळ प्रतीशी सांधा जुळवावा, ही तजवीज कोणत्याही यंत्रावर चालते, आणि हात तंग असलेल्याने तिचा अवलंब निःसंकोच करावा.

आता मुक्कामाचा प्रश्न. 4के चित्रण प्रोरेस 422 या साठवणपद्धतीत, सेकंदाला 25 चौकटींच्या गतीने ठेवले, तर एका तासाला सुमारे 221 जीबी जागा लागते. पाच तासांत एक टीबीची हद्द ओलांडली जाते, आणि दुसरी सुरक्षित प्रत ठेवायची म्हणजे हा हिशेब दुप्पट होतो. डेस्कटॉपच्या पोटात गरजेप्रमाणे डिस्का वाढविता येतात, रॅम वाढविता येते. पॉवर सप्लाय जळाला तर लॅमिंग्टन रोडवर जाऊन नवा आणता येतो आणि संध्याकाळी काम पुन्हा सुरू होते. बहुतेक सडपातळ लॅपटॉपांत रॅम मुळातच डकविलेली असते, आणि बिघाड कोणताही असो, दुरुस्तीला सबंध यंत्रच पाठवावे लागते. शिवाय मी कित्येक कचेऱ्यांत असे लॅपटॉप पाहतो की ज्यांना मॉनिटर, हब, डिस्का आणि वायरींचे जंजाळ जोडून वर्षभर एकाच टेबलावर जखडून ठेवलेले असते. त्यांच्या मालकांनी हिंडण्याचे मोल मोजले आणि हिंडणे तेवढे राहून गेले.

उलट आळंदीहून पंढरपूरपर्यंत वारीबरोबर चालणाऱ्या माहितीपटाच्या पथकाला मी डेस्कटॉपचे नावही काढू देणार नाही. वाटेतल्या एखाद्या मुक्कामी, शाळेच्या व्हरांड्यात, पावसाची झड चुकवीत दिवसभराची कार्डे दोन वेगळ्या डिस्कांवर उतरवून घ्यायची, प्रती तंतोतंत जुळल्याची खातरजमा करायची, आणि रिंगणाचे दृश्य खरोखर हाती लागले आहे की नाही हे दिग्दर्शकाला त्याच रात्री दाखवायचे, कारण पालखी उद्या पुढे जाणार आणि ते रिंगण पुन्हा होणार नाही! येथे बॅटरीवर चालणारे यंत्र ही चैन नसून त्या कामाचा जामीन आहे. आणि 2020 अखेर आलेल्या एम 1 पासून अशी यंत्रे थोड्या विजेत इतके काम उरकू लागली आहेत की दमाच्या बाबतीतील जुनी तक्रारही पुष्कळशी बोथट झाली आहे.

म्हणून माझा कौल असा. ज्याचे बूड एका जागी आहे आणि गिऱ्हाईक ज्याच्या खोलीवर येते, त्याने डेस्कटॉप घ्यावा, आणि वाचलेल्या पैशांतून रंग नीट जुळवून घेतलेला मॉनिटर, यूपीएस व दुसऱ्या प्रतीची डिस्क यांचा बंदोबस्त करावा. ज्याचे काम चित्रणस्थळी आहे त्याने लॅपटॉप घ्यावा, परंतु नंतर वाढविता न येणाऱ्या रॅमच्या बाबतीत काटकसर करू नये. दोघांनीही दुकानात जाताना स्वतःच्याच कॅमेऱ्यातील चित्रण बरोबर न्यावे, ते उलटसुलट चालवून पाहावे, मग एखादे लांबलचक रेंडर लावून विसाव्या मिनिटाला यंत्राची गती काय राहते ते दुकानदारासमक्ष तपासावे. किमतीची घासाघीस त्यानंतर.