जोर की पळ

माणूस ही सगळ्यात स्वस्त मोटार. भाकरीवर चालते. जळली तर वाइंडिंग करावं लागत नाही, दुसरा माणूस मिळतो. माथेरानच्या लाल मातीत ही मोटार पिढ्यान् पिढ्या चालली. पुढं ओढणारा, मागं ढकलणारे, वर बसलेला थंड हवा खाणारा. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, ई-रिक्षा घेऊन ओढणाऱ्यांनाच भाड्यानं द्या. खंडपीठावर सरन्यायाधीश भूषण गवई होते. बरं वाटलं. लपवत नाही.

माझ्या आत्येभावानं तिथं ऐन जवानी ओढण्यात घातली. तो म्हणाला, "तू सूतगिरणीत हायस, दातेरी चाकं तुला कळत्यात. उद्या गाडी दाखवली तर मी काय बघू?" हा लेख त्याचं उत्तर आहे. इतरांनाही उपयोगी पडावा.

मी रिंग फ्रेमवर साइडर. आमच्या फ्रेमच्या डोक्यात एक चाक बदललं की सुताचा पीळ कमी होतो आणि माल जास्त निघतो. मालकाला तेच चाक आवडतं. मग सूत तुटतं आणि सांधत पळतो कोण? साइडर. म्हणून गिअरचं गणित मला पुस्तकाआधी पायांनी शिकवलं.

ई-रिक्षाची एक श्रीमंत चुलत बहीण आहे, गोल्फ कार्ट. पोटात तेच सगळं : बॅटरी, कंट्रोलर, मोटार, मागं डिफरन्शिअल. हिरवळीवर साहेब आणि त्याची पिशवी वाहायची एवढंच तिचं काम. पण तिच्या हौशी मालकांनी मोटार आणि गिअर बदलून इतके खेळ केलेत की शिकायचं तर तिच्याकडूनच. पुष्कळ गोल्फ कार्टांच्या मागच्या अ‍ॅक्सलात प्रमाण असतं १२.४४ ला १. मोटार साडेबारा वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. हौशी मालक तिथं ८ ला १ बसवतो. मोटार तेवढीच फिरते, गाडी दीडपट पळते. फुकट मिळालं वाटतं. फुकट कुणाला काही मिळत नाही, हे आपल्याला सांगायला नको. त्याच चढावर, त्याच वजनाला आता मोटारीला दीडपटीहून जास्त जोर लावावा लागतो. चुंबकाच्या मोटारीत जोर दीडपट म्हणजे करंट दीडपट, आणि तांब्याच्या तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. जवळजवळ २.४ पट. सपाटीवर कळत नाही. चढावर वास येतो.

मोठी चाकं लावणं हीसुद्धा तीच चोरी. १८ इंची टायर काढून २२ इंची घातला की १२.४४ चं १० च्या आसपास येतं, गिअरला हात न लावता.

आता चढ घेऊ. गाडी, चालवणारा, बसणारे मिळून ६०० किलो, आणि दहा फुटाला एक फूट चढ. ताशी १० किलोमीटरनं चढायला सुमारे २००० वॉट लागतात. २० नं चढायचं म्हटलं तर ४००० वॉट, आणि कायद्यात ई-रिक्षाच्या मोटारीची कमाल मर्यादाच ४००० ची आहे. दिवसभर राबणारा माणूस ७५ वॉटच्या आसपास देतो. म्हणजे सावकाश चढणारी ही गाडीसुद्धा सत्तावीस माणसांची आहे. मी हा भागाकार तीनदा करून बघितला.

म्हणून माझं मत सरळ आहे. डिफरन्शिअलचं प्रमाण मोठंच ठेवा. वाढवायचं तर मोटारीचं बळ वाढवा. बरोबर कंट्रोलर आणि केबलही जाड, नाहीतर नवी मोटार जुन्या नळावर तहानलेली राहते. ब्रशची जुनी सिरीज मोटार सुरुवातीचा जोर झकास देते, पण कार्बन झिजतो, आणि उतारावर ती आपणहून गाडी धरत नाही. एसी किंवा बिनब्रशच्या मोटारीला योग्य कंट्रोलर असला तर ती उतारावर गाडी आवरते, थोडी वीजही बॅटरीत परत घालते. माथेरानच्या पावसात बंद खोक्याची मोटार बरी. आणि ब्रेक मोटारीच्या भरवशावर सोडू नये.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा विजेच्या धोरणाचं कामही त्यांच्याकडे होतं. यंत्रच माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवील आणि फुरसत देईल, असं त्यांचं म्हणणं होतं. आपले काही लोक यंत्राला घाबरतात. मी यंत्रापाशी आठ तास उभा असतो. मला यंत्राची भीती नाही, ते लावून देणाऱ्याची आहे. कंट्रोलरमध्ये करंटची आणि वेगाची हद्द बाहेरून ठरवता येते. ती कुणी ठरवली, किती ठरवली, हे चालवणाऱ्याला कागदावर मिळालंच पाहिजे. भाडं तो भरणार, खेपा तो करणार.

आत्येभावाला मी सांगितलं, विकणारा सपाटीवर पळवून दाखवील, बघू नकोस. चढावर ने. पूर्ण माणसं बसव. मध्यावर थांबव, गाडी मागं सरकते का बघ, आणि तिथूनच पुन्हा चढव. अशा लागोपाठ पाच खेपा कर. पाचव्या खेपेला ती पहिलीइतक्याच दमानं चढली तर किमतीचं बोल.