शिशाच्या पट्ट्या

पावसाची पहिली सर आली की मला अजून पागेचा वास येतो. ओलं गवत, लीद आणि घामेजलेलं कातडं यांचा मिळून एक वास. पुण्याचा रेसचा हंगाम पावसाळ्यातला, मुंबईचा हिवाळ्यातला. माझे मामा पुण्याच्या लष्कर भागातल्या एका पागेत घोडे सांभाळत. तिथं सगळे त्यांना सईस म्हणत. आजी मात्र हट्टानं ‘मोतद्दार’ म्हणे, त्या शब्दात तिला मान वाटे.

रविवारी पहाटे मी त्यांच्यासोबत जाई. ट्रॅकवरून आलेल्या एका कुम्मैत, तांबूस तपकिरी घोड्याच्या पाठीतून वाफ निघत असे. खरारा पोटाखाली गेला की त्याची कातडी थरथरे आणि मामा जिभेनं हलकं ‘चक्’ करत. एकदा त्यांनी माझ्या तळहातावर शिशाची एक पट्टी ठेवली. बोटभर लांबीची, गार. हात एकदम खाली गेला.

खोगिराखालच्या कापडाला खिसे असतात, त्यांत या पट्ट्या भरतात. जो घोडा सरस, त्याच्यावर वजन जास्त. जिंकत गेला की ओझं वाढत जातं. मला ते फार दुष्ट वाटलं होतं. “मामा, जिंकल्याची शिक्षा का?” मामा म्हणाले, “अरे, मग बाकीच्यांनी पळायचं तरी कशाला?”

पुढं वाचत गेलो तेव्हा कळलं, वय पाहून वजन ठरवायचं कोष्टक एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ॲडमिरल राउस यांनी नीट बसवलं. आपल्याकडे रेस चालवणारी एकच राष्ट्रीय संस्था नाही. मुंबई-पुणे, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद अशा पाच ठिकाणचे क्लब आपापले नियम राखतात आणि एकमेकांच्या शिक्षा मानतात. एकीकडे बंदी आलेला जॉकी दुसरीकडे जाऊन खोगीर घालू शकत नाही. शिंगरू जन्मलं की त्याची वंशावळ स्टड बुकात चढते. स्टड बुकाचं दफ्तर पुण्यातच आहे. आईबाप कोण, हे डीएनए तपासून ठरतं. आणि शिंगरू कुठल्याही महिन्यात जन्मलेलं असो, त्याचं वय १ जानेवारीलाच वाढतं. म्हणून फेब्रुवारीत मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होणाऱ्या इंडियन डर्बीत चार वर्षांचे घोडे धावतात. ही डर्बी १९४३पासूनची. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. पण कौशल्यावर विश्वास बसतो तो वजनकाट्यामुळे.

शर्यत संपते, लोक ओरडून घसा बसवतात, पण पैसे लगेच हातात पडत नाहीत. जॉकी उतरतो, खोगीर काढून छातीशी धरतो आणि तसाच काट्यावर बसतो. धावण्याआधी जे वजन होतं ते भरलं पाहिजे. कमी भरलं तर पहिला आलेला घोडाही बाद. त्या क्षणी श्रीमंत मालक आणि दहा रुपयांचं तिकीट धरून उभा असलेला माणूस दोघंही त्या एका सुईकडे बघत असतात. या खेळातली इतकी स्वच्छ गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

म्हणूनच मला वाटतं, जन्मापासून वंशावळीचा आणि प्रत्येक शर्यतीत वजनाचा हिशेब ठेवणाऱ्या या खेळानं, रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्याचं शेवटपर्यंत काय झालं याचाही तितकाच काटेकोर हिशेब ठेवावा. पैज लावणाऱ्याला न्याय मिळतो, तसा धावणाऱ्यालाही मिळायला हवा.

त्या कुम्मैताचे गुडघे एका हंगामात गेले. त्याला पाठवायच्या दिवशी मामांनी रोजच्यापेक्षा जास्त वेळ खरारा केला, शेपटी विंचरली, गूळ-हरभरा हातानं चारला. ट्रक आला. घोडा फळीवरून चढताना एकदा अडला. मामांनी ‘चक्’ केलं, तसा निमूट वर गेला. कुठं चालला, हे मामांनी विचारलं, पण नीट उत्तर कुणी दिलं नाही.

ते परतले तेव्हा त्याची जुनी म्होरकी त्यांच्या खांद्यावर होती. तिच्यातला एक तपकिरी केस त्यांनी बोटानं सोडवला आणि ती खुंटीला अडकवली.